जुना फायरवायर इंटरफेस, नवी प्रणाली: फोंड्यातल्या भजनाच्या खोलीच्या प्रकल्प नोंदी

१८ जून २०२५ | सामान मांडून पाहिलं

काम: गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका भजनी मंडळाच्या खोलीत दहा माइकांचं एकाच वेळी मुद्रण. मुदत चवथीपर्यंत, म्हणजे २७ ऑगस्ट. अट एकच, नवा इंटरफेस (माइकांचा आवाज संगणकात नेणारा डबा) घ्यायचा नाही.

कपाटात तीन वस्तू आहेत. पहिली फोकसराइट सफायर प्रो २४: फायरवायर ४०० (संगणकाला जोडायची जुनी पद्धत), दोन माइक प्रीॲम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे), दोन लाइन इनपुट, शिवाय ऑप्टिकल ॲडॅट इनपुट (एका प्रकाशाच्या तारेतून अनेक वाहिन्या आणणारं). दुसरी, ॲडॅट आउटपुट असलेला आठ वाहिन्यांचा माइक प्रीॲम्प. ४८ किलोहर्ट्झला एका ऑप्टिकल तारेतून आठही वाहिन्या येतात, म्हणजे दोन अधिक आठ, दहा माइक झाले. ९६ किलोहर्ट्झला त्याच तारेतून चारच येतील, तेव्हा ४८ पक्कं. तिसरी एडिरॉल यूए-२५: यूएसबी, दोन वाहिन्या. ती राखीव.

संगणक चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, विंडोज १०. विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय. त्यामुळे प्रश्न इंटरफेसइतकाच संगणकाचाही आहे.

फायरवायर जुनं म्हणजे हळू, असं सर्रास बोललं जातं. हिशेब करून पाहावा: दहाऐवजी १६ वाहिन्या धरल्या, प्रत्येक नमुन्याला ३२ बिट, सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे सुमारे २४.६ मेगाबिट. तार ४०० मेगाबिटची आहे. अडचण वेगाची नाहीच. अडचण आहे ती ड्रायव्हर, जोडणी आणि वीज या तीन ठिकाणी, आणि पुढचे दोन महिने तिथेच जाणार.

२१ जून | उघडून साफसफाई

आठ वाहिन्यांच्या प्रीॲम्पच्या गेन नॉबांपैकी तीन फिरवताना खरखर करतात, सहाव्या वाहिनीचा जॅक हलवला की आवाज जातो. आपल्याकडच्या हवेत हे व्हायचंच. झाकण काढलं. सर्किटच्या पट्टीवर मीठ-ओलीचा पांढरट थर जॅकांच्या पायांशी होता, मधल्या भागात नाही.

क्रम असा ठेवला: वीज काढून अर्धा तास थांबणे (पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये दाब उरतो, मीटर लावून शून्य बघितल्याशिवाय हात घालू नये), मऊ ब्रशने धूळ, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने जॅकांचे पाय, मग नॉबच्या फटीत काँटॅक्ट क्लीनरचा एकच फवारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसेक वेळा फिरवणे. स्वयंपाकघरातलं किंवा सायकलचं गंजविरोधी तेल इथे मारू नये. खरखर दोन दिवस थांबते, मग त्या तेलावर धूळ बसून पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते.

सहाव्या वाहिनीच्या जॅकचा सोल्डर तडकला होता. जुना सोल्डर ओढून काढून नवा भरला. नुसतं तापवून पुन्हा जोडलं तर तडा आतच राहतो.

कपॅसिटर फुगलेले नाहीत. फुगले नाहीत म्हणजे चांगले आहेत असं नव्हे, म्हणून सप्लायच्या दोन्ही रेल्सवर मीटर एसीवर लावून लहर मोजली. काही मिलिव्होल्टच. ठीक.

२४ जून | फायरवायर कार्ड, पहिला प्रयत्न फसला

मदरबोर्डवर फायरवायर नाही, पण पीसीआय एक्सप्रेसची लहान खाच रिकामी आहे. बाजारातलं सर्वांत स्वस्त कार्ड बसवलं. विंडोजमध्ये इंटरफेस दिसतो, दोन मिनिटं वाजतो, मग तुटतो. बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) १०२४ नमुन्यांचा केला तरी तेच. कार्डाची चिप कोणती ते खोक्यावर लिहिलेलंच नव्हतं.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एक्सआयओ२२१३ चिपचं कार्ड मागवलं. ऑडिओच्या कामात या चिपची शिफारस वर्षानुवर्षं होत आली आहे, आणि विक्रेत्याकडे फोटोत चिपवरचा मजकूर वाचता येईल असा फोटो मागणं हाच खात्रीचा उपाय.

२ जुलै | दुसरं कार्ड, आणि वीज

नवं कार्ड बसलं. यावर एक पांढरी चार टोकांची जागा असते, तिथे संगणकाच्या सप्लायची तार जोडायची. ती न जोडता कार्ड ओळखलं जातं, पण सहा पिनांच्या सॉकेटवर वीज येत नाही किंवा अपुरी येते आणि तारेवरच चालणारा इंटरफेस पेटत नाही. पिन १ वीज, पिन २ जमीन. उरलेल्या चार डेटाच्या. मीटरवर ११.९ व्होल्ट.

इथे थांबून सांगायला हवं, कारण जुने फायरवायर इंटरफेस अनेकदा याच चुकीने मरतात. सहा पिनांचं टोक एका बाजूला निमुळतं असतं, पण झिजलेल्या सॉकेटात जोर लावला तर उलटंही घुसतं. उलटं घुसलं की विजेची पिन डेटाच्या पिनेला भिडते. फायरवायरवर ३० व्होल्टपर्यंत दाब चालतो. डेटाची चिप तीनेक व्होल्टची. क्षणात संपते, आणि बाकी सगळं उत्तम असूनही इंटरफेस संगणकाला दिसत नाही. म्हणून नियम भिंतीवर लिहून लावला: दोन्हीकडची वीज बंद, तार जोडा, आधी इंटरफेस चालू, मग संगणक. चालू अवस्थेत तार काढायची नाही, घालायची नाही.

चार पिनांच्या टोकावर वीज नसतेच. जुन्या लॅपटॉपला इंटरफेस जोडायचा तर विजेचा वेगळा ॲडॅप्टर हवा.

५ जुलै | मॅकबुकवर का नाही

मंडळाकडून विचारणा: सभासदाचा यूएसबी-सी वाला मॅकबुक आहे, तो का वापरत नाही? साखळी अशी होते: थंडरबोल्ट ३ ते थंडरबोल्ट २ ॲडॅप्टर, त्याला थंडरबोल्ट ते फायरवायर ८०० ॲडॅप्टर, त्याला नऊ पिन ते सहा पिन तार. तीन सांधे, दोन महाग ॲडॅप्टर. आणि हे सगळं जुळवून मॅकओएस २६ ला नेलं की संपलं, बीटा आवृत्तीत फायरवायरचा आधारच काढून टाकलेला आहे. मॅक वापरायचाच तर जुन्या प्रणालीवर थांबवून ठेवलेला हवा.

बाजारात यूएसबी ते फायरवायर अशी दीडदोनशेची तार मिळते. ती घेऊ नये. आत नुसत्या तारा जोडलेल्या असतात. फायरवायरला संगणकात स्वतंत्र नियंत्रक लागतो, यूएसबीच्या भोकातून तो मिळत नाही.

९ जुलै | विंडोजवर शेवटचा फेरा

लिनक्सवर जाण्याआधी इंटरफेसमधलं आतलं मिक्सर आणि वाहिन्यांची वाट ठरवून घ्यायची होती, कारण सफायरचं मिक्सकंट्रोल हे सॉफ्टवेअर लिनक्सला नाही.

विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने जुना १३९४ (म्हणजे फायरवायरचा) ड्रायव्हर प्रणालीतून काढला, पण वेगळा उतरवून घेता येतो. तो नुसता चालवला की काम होत नाही, ही नेहमीची फसगत. तो फक्त फाइली एका फोल्डरमध्ये टाकतो. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन फायरवायर नियंत्रकाचा ड्रायव्हर हाताने बदलायचा, यादीत नावापुढे ‘लेगसी’ असलेला निवडायचा, संगणक पुन्हा सुरू करायचा.

मिक्सकंट्रोलमध्ये: माइक १-२ आणि ॲडॅट १ ते ८ थेट हेडफोनच्या मिश्रणात, लाइन आउट १-२ ला संगणकाचा आवाज, घड्याळाचा (नमुन्यांची लय ठरवणाऱ्या ठोक्याचा) स्रोत ॲडॅट. मग ‘सेव्ह टू हार्डवेअर’. हे केलं की मांडणी उपकरणाच्या स्मृतीत राहते. गायकाला स्वतःचा आवाज संगणकातून फिरून न येता डब्यातूनच परत मिळतो, त्यामुळे बफर केवढाही असला तरी गाताना उशीर जाणवत नाही. जुन्या इंटरफेसांचा हा गुण नव्या स्वस्त डब्यांत अनेकदा नसतो.

विंडोजची हार्ड डिस्क काढून चिठ्ठी लावून ठेवली. मांडणी बदलायची वेळ आली तर परत लावायची, नेटला न जोडता.

१२ जुलै | उबंटू स्टुडिओ

नव्या २५६ जीबी एसएसडीवर उबंटू स्टुडिओ २४.०४. फायरवायर ऑडिओचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतात आणि इंटरफेसच्या आत कोणती चिप आहे त्यावरून ठरतात: डाइस, बीबॉब, ऑक्सफर्ड, फायरवर्क्स; आरएमई आणि मोटू यांचे वेगळे. आमचा डाइसचा. डब्यावरचं नाव महत्त्वाचं नाही, आतली चिप महत्त्वाची. दुसऱ्या कुणाचा जुना इंटरफेस तपासताना पहिला प्रश्न हाच विचारावा. कर्नलमधल्या फायरवायर विभागाची देखभाल २०२९ पर्यंत करण्याचं तिथल्या देखभालकर्त्याने जाहीर केलेलं आहे. चार वर्षं मिळाली, पुरे.

संगणक सुरू केल्यावर इंटरफेस ध्वनिकार्डांच्या यादीत आला, पण दोनच वाहिन्या दिसत होत्या. पाइपवायरमध्ये (लिनक्सची ध्वनिव्यवस्था) त्या कार्डाची प्रोफाइल ‘प्रो ऑडिओ’ केली की सगळ्या दिसतात. इथेच बरेच जण इंटरफेस बिघडला समजून सोडून देतात.

बाकी: पाइपवायरचा दर ४८,००० वर बांधला, वायफाय बंद, प्रोसेसरचा वेग ‘परफॉर्मन्स’वर, वापरकर्ता ‘ऑडिओ’ गटात. आर्डर ८ हे मुद्रणाचं सॉफ्टवेअर बसवलं. रीपरही लिनक्सवर थेट चालतं; मंडळातल्या एकाला त्याची सवय आहे म्हणून तेही ठेवलं.

१६ जुलै | टिक-टिक

दहा वाहिन्या चालू केल्या. ॲडॅटच्या आठांवर साधारण सेकंदाला एक बारीक ‘टिक’. पहिल्या दोन माइकांवर नाही. बफर वाढवून फरक शून्य, त्यामुळे संगणकाचा दोष नाही हे लगेच कळलं. बफरची अडचण असती तर दहाही वाहिन्यांवर एकदम आणि अनियमित आली असती.

कारण: दोन घड्याळं. प्रीॲम्प स्वतःच्या घड्याळावर, इंटरफेस स्वतःच्या. दोन क्रिस्टलांत दहा लाखांत वीस एवढाच फरक असला तरी ४८,००० ला सेकंदाला ०.९६ नमुना घसरतो, म्हणजे जवळपास दर सेकंदाला एक नमुना गळतो किंवा दोनदा येतो. तीच टिक. ९ तारखेला स्रोत ॲडॅट ठेवला होता, मग परत इंटरनल कसा झाला? तेव्हा ऑप्टिकल तार जोडलेली नव्हती, घड्याळाचं कुलूप (लॉक) लागलं नाही आणि निवड टिकली नाही. लिनक्सचा डाइस ड्रायव्हर स्रोत स्वतः बदलत नाही, उपकरणात आहे तोच घेतो.

विंडोजची डिस्क लावली, तार जोडून प्रीॲम्प चालू ठेवून स्रोत पुन्हा ॲडॅट, समोरचा ‘लॉक्ड’ दिवा स्थिर, मग जतन. आमच्या इंटरफेसला ॲडॅट आउटपुट नाही, त्यामुळे प्रीॲम्पच धनी आणि इंटरफेस त्याच्या मागे, याला पर्याय नाही. प्रीॲम्पच्या मागची कळ ४८ वर हवी. तिच्या शेजारीच ४४.१ आहे आणि झाडू मारताना धक्का लागतो. कळीवर चिकटपट्टी लावली. ४४.१ ला मुद्रित केलेलं ४८ ला वाजलं तर काळी एकात म्हटलेली आरती पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध कुठेतरी ऐकू येते. पेटीवाला आधी पेटीलाच दोष देतो.

चाळीस मिनिटं सलग चालवलं. एकही टिक नाही.

२३ जुलै | गुणगुण आणि अर्थिंग

सगळ्या वाहिन्यांवर खाली गुणगुण. स्पेक्ट्रम लावला: ५० हर्ट्झवर मोठं शिखर, १०० वर लहान. ५० वरची गुणगुण बहुधा जमिनीच्या तारेतून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्रातून येते. १०० हर्ट्झ मोठं असतं तर प्रीॲम्पच्या सप्लायचा संशय घेतला असता.

सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर: ९ व्होल्ट. दोनेकच्या वर असायला नको. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगचा खड्डा उघडला, क्लॅम्प गंजून सैल झालेला. नवा तांब्याचा क्लॅम्प. मीटर १.२ व्होल्ट, गुणगुण गेली. ही मोजणी पावसातली आहे. चिऱ्याची जमीन मे महिन्यात कोरडीठाक होते आणि अर्थिंग पुन्हा ढिलं पडतं, तेव्हा एप्रिल-मेमध्ये परत मोजायचं आणि खड्ड्यात पाणी घालायचं.

गुणगुण घालवायला प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला इथेही मिळाला. तसं अजिबात करू नये. माइक ओठाला लावून गाणाऱ्या माणसाच्या अंगातून तीच वीज जाते.

सगळी उपकरणं विजेच्या एकाच पट्टीवर, आणि ती पट्टी यूपीएसवर.

३० जुलै | उशीर मोजला

कागदावर: बफर १२८, दोन फेऱ्या, ४८,००० ला ५.३ मिलिसेकंद. प्रत्यक्ष: लाइन आउट ३ मधून तार काढून लाइन इन ३ ला घातली आणि आर्डरच्या ध्वनी मांडणीतलं मोजमाप चालवलं. ५२३ नमुने, १०.९ मिलिसेकंद. उरलेलं कन्व्हर्टरमध्ये आणि फायरवायरच्या आतल्या साठ्यात जातं. ड्रायव्हर सांगतो तो आकडा खरा मानून चालू नये. मोजलेला आकडा आर्डरमध्ये भरला नाही तर नंतर घातलेला प्रत्येक ट्रॅक काही मिलिसेकंद मागे बसतो, आणि कासाळ्यांवर (झांजांवर) ते लगेच कानाला टोचतं.

बफर ६४ वर अधूनमधून तुटतं, १२८ वर तासभर शून्य तुटी. पण ऐकणं डब्यातूनच आहे, म्हणून मुद्रणाला सरळ ५१२ ठेवला. कमी आकड्याची हौस इथे उपयोगाची नाही.

६ ऑगस्ट | घुमट

चाचणीसाठी एक आरती: तीन घुमटं (मातीची चर्मवाद्यं), एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळे, पेटी, चार गळे.

घुमटाची दोन तोंडं म्हणजे दोन वेगळे आवाज. मोठ्या तोंडावरच्या चामड्यावर थाप. मागचं लहान तोंड डाव्या हाताने उघडझाप करून खर्ज घडतो. पुढे १५ सेंटिमीटरवर डायनॅमिक माइक लावला की थाप येते, खर्ज येत नाही. मागच्या तोंडासमोर नेमका लावला की प्रत्येक थापेला वाऱ्याचा धक्का बसून सुई लाल होते. शेवटी तिघांपैकी मुख्य घुमटाला दोन माइक: पुढे एक, मागे तोंडाच्या रेषेतून बाजूला सरकवून २० सेंटिमीटरवर दुसरा. मागच्याची फेज (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून ऐकली. उलटवल्यावर खर्ज भरला, म्हणून तशीच ठेवली. बाकी दोन घुमटांना एकेकच.

वाटप: घुमट ४, शामेळ १, कासाळे १, पेटी १, गळे ३ (दोघे एका माइकवर). दहा.

कासाळ्यांचा कन्डेन्सर १ मीटरवर असूनही प्रीॲम्प गेन शून्यावर लाल होत होता. माइकवरची उणे १० डेसिबलची कळ दाबली आणि अंतर दीड मीटर केलं. सर्वांत जोराची थाप उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असे गेन. २४ बिट असताना त्याहून वर ढकलायची गरज नाही.

आठ वाहिन्यांच्या प्रीॲम्पवर ४८ व्होल्टची (कन्डेन्सर माइकला वीज देणारी) एकच कळ, सगळ्यांना एकदम. चांगल्या बॅलन्स्ड तारेवर डायनॅमिक माइकला काही होत नाही. तार घालता-काढताना मात्र ती बंद आणि स्पीकरही बंद.

पावसाळ्यात घुमटाचं चामडं ढिलं पडतं, मंडळी ते शेकून घेतात. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत स्वर उतरलेला स्पष्ट ऐकू येतो, त्यामुळे फेऱ्या कापून एकमेकांना जोडता येत नाहीत. प्रत्येक आरती एका दमात, आणि दर फेरीआधी चामडं शेकायचं. कौलांवर सर आली की मुद्रण थांबवायचं. ती कुठल्याच फिल्टरने जात नाही.

दहा ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ: मिनिटाला ८६ मेगाबाइट, तासाला ५.२ जीबी. २५६ ची डिस्क पुरते.

१० ऑगस्ट | राखीव यूए-२५

मुख्य साखळी ऐनवेळी बंद पडली तर निदान दोन माइक हवेत. यूए-२५ वरची ‘ॲडव्हान्स’ कळ बंद ठेवली की तिला स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही. १६ बिट, ४४.१, पण समोर येईल त्या लॅपटॉपवर चालते. कळ चालू केल्यावर २४ बिट मिळतात आणि लिनक्सला तीही स्थिती ओळखता येते. ९६ किलोहर्ट्झला ती एक तर मुद्रण करते किंवा वाजवते, दोन्ही एकदम नाही. जुन्या यूएसबीची तेवढीच कुवत. कळा बदलल्या की तार काढून परत घालायची, त्याशिवाय बदल लागू होत नाही.

१७ ऑगस्ट | आहे तसं गोठवलं

सगळं चालतंय, म्हणजे हात लावायचा नाही. कर्नलचं अद्ययावत होणं रोखून ठेवलं, नेटची तार काढली, क्लोनझिलाने एसएसडीची पूर्ण प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि त्या प्रतिमेतून दुसऱ्या एसएसडीवर परत उभारूनही पाहिलं. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे.

मुद्रण झालं की फाइली पेनड्राइव्हने बाहेर न्यायच्या. मिश्रण दुसऱ्या नव्या संगणकावर. तिथे या इंटरफेसचं काहीच काम नाही.

२३ ऑगस्ट | मुद्रण झालं, उरलेली कामं

पाच आरत्या, दोन दिवस. एकदा वीज गेली, यूपीएसने फेरी वाचवली. एकही तूट नाही.

इंटरफेस आणि प्रीॲम्प कपाटात, अर्धा किलो सिलिका जेलसोबत, आत झीरोचा बल्ब रात्रंदिवस चालू. जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत भाजायचं. त्या तव्यावर पुन्हा पोळी करायची नाही. महिन्यातून एकदा सगळं तासभर चालू ठेवायचं.

सहा पिनांची फायरवायर तार एकच आहे आणि तिचं एक टोक सैल वाटतंय. साडेचार मीटरच्या आतली दुसरी शोधायची. ती मिळेपर्यंत आहे ती तार डब्यापासून काढायची नाही, डबा तारेसकट कपाटात ठेवायचा.